निम्मी घरपट्टी माफ, तरीही…

१४ नोव्हेंबर २०२० ला, ऐन दिवाळीत, तेलंगण सरकारने हैदराबाद महापालिकेच्या हद्दीतल्या घरमालकांसाठी एक घोषणा केली. ज्यांची वर्षाची घरपट्टी १५,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांची त्या वर्षीची निम्मी घरपट्टी माफ. पुढे १ डिसेंबरला महापालिकेचं मतदान झालं. सत्ताधारी तेलंगण राष्ट्र समितीच्या आधी ९९ जागा होत्या, त्या ५६ वर आल्या. भाजप ४ वरून ४८ वर गेला. आमच्या दिलसुखनगरच्या आसपासचे, एल. बी. नगर पट्ट्यातले बहुतेक प्रभाग भाजपने घेतले.

कर वाढला की मत जातं आणि कमी केला की मिळतं, असं सगळे धरून चालतात. आमच्या भागात तसं झालं नाही. का झालं नाही, यावरून आमच्या घरात दोन माणसं आजतागायत भांडतात. एक माझा मोठा भाऊ. दिलसुखनगरहून मेट्रोने अमीरपेट, तिथे गाडी बदलून रायदुर्ग, आणि पुढे गच्चीबावलीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत तो जातो. पगार भरपूर. दुसरी आमची आत्या. मराठवाड्यातल्या एका तहसील कचेरीत रोजगार हमीच्या शाखेत तिची सगळी नोकरी झाली, निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहायला आली. दोघांचं बोलणं मी वेळोवेळी ऐकलं ते एकत्र करून इथे देते आहे. जिथे राहवलं नाही तिथे मीही बोलले आहे.

दादा: आत्या, सरळ हिशेब मांडतो. माझा पगार वर्षाला ४८ लाख. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ४७ लाख २५ हजारांवर कर लागतो. उपकर धरून १० लाख ३७ हजार ४०० रुपये. हे पैसे माझ्या हातात येतच नाहीत, कंपनी आधीच कापते. आपल्या रस्त्यावर एवढे कोचिंग क्लास, एवढी हॉस्टेलं, एवढी कापडाची नि सोन्याची दुकानं. त्यातला कोण खरं उत्पन्न दाखवतो, हे तुलाही ठाऊक आहे. शेतीच्या उत्पन्नावर तर आयकरच नाही. २०२४ ला देशात मतदार होते जवळपास ९७ कोटी. त्या वर्षी ३१ जुलैपर्यंत विवरणपत्रं आली ७ कोटी २८ लाख, आणि त्यातल्याही कित्येकांचा कर शून्य. भरणारे मूठभर आणि ठरवणारे सगळे. मग मत देताना मी पहिल्यांदा कर का बघू नये?

आत्या: बघ की. पण आधी आकडा पुरा सांग. सात कोटी फक्त आयकराचे. शेतमजूर बाई मोबाइलचं रिचार्ज मारते तेव्हा १८ टक्के जीएसटी देते. तिला विवरणपत्र नाही म्हणून ती करदाती नाही, असं म्हणू नकोस. आता मला सांग, तुझा कर दोन टक्क्यांनी वाढला तर तुला किती जड जाईल?

दादा: २४ लाखांपुढच्या टप्प्यावर ३० चे ३२ टक्के केले, तर वर्षाला ४८,३६० रुपये.

आत्या: म्हणजे महिन्याला चार हजार. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सेलरमध्ये पाणी भरलं तेव्हा गाडीला किती लागले होते?

इथे दादा गप्प बसला. हैदराबादेत इमारतीखालच्या पार्किंगला सेलर म्हणतात. १३ ऑक्टोबरच्या रात्री पाऊस कोसळला, सरूरनगर तलावाचं पाणी आसपासच्या वस्त्यांत शिरलं. आमच्या सेलरमध्ये गाड्या बुडाल्याच, शिवाय विजेचे मीटर तिथेच भिंतीवर असल्यामुळे तेही पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला गाळ पंपाने ओढेना, तो फावड्याने भरून बाहेर काढला. गाड्यांवर चिखलाची रेघ उमटलेली होती. दादाची गाडी दुरुस्त झाली, शेजाऱ्यांच्या दोन गाड्या मात्र भंगारात गेल्या.

दादा: ते पाणी नाल्यावरच्या अतिक्रमणामुळे शिरलं. नाला मोकळा ठेवणं हे महापालिकेचं काम, आणि त्याचे पैसे मी आधीच भरले होते.

आत्या: मी तेच म्हणते! आपल्या घराची पट्टी १५,००० च्या आत. निम्मी माफी तू घेतलीस, आणि मत दुसऱ्याला दिलंस. सरकारला वाटलं, पावतीवरचा आकडा कमी केला की माणूस खूश. तू मतदानाला गेलास तो गाळ डोक्यात ठेवून.

दादा: एका निवडणुकीवरून सिद्धान्त बांधू नकोस. त्या वेळी दुब्बाकची पोटनिवडणूक भाजपने नुकतीच जिंकली होती. पूरग्रस्तांना दहा-दहा हजार वाटण्यात गोंधळ झाला. प्रचार सगळा जुन्या शहराभोवती फिरत होता. त्यात घरपट्टी कुणाला आठवणार?

दादाचं हे म्हणणं रास्त आहे. एका निकालामागे दहा कारणं असतात आणि ती सुटी करता येत नाहीत. पण ‘घरपट्टी कुणाला आठवणार’ असं तो म्हणाला तेव्हा आत्याचा मुद्दा त्याने आपणहून मान्य केला, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. माफी हा त्या निवडणुकीतला अगदी ताजा लाभ होता. तो हातात पडूनही आठवला नाही.

दादा: बरं, माफीचं सोड. भीतीचं बोल. ६ एप्रिल २०२४, तुक्कुगुडा. इथून विमानतळाकडे जाताना लागतं. काँग्रेसच्या सभेत राहुल गांधी म्हणाले, जातगणनेनंतर आर्थिक आणि संस्थात्मक सर्वेक्षण करू, संपत्ती कुणाच्या हातात आहे ते शोधू. पुढे त्याच महिन्यात काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले. पक्षाने ते त्यांचं वैयक्तिक मत म्हणून झटकलं. पण आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ज्यांनी कर्ज काढून एक फ्लॅट घेतलाय, तेही घाबरले होते.

आत्या: एक फ्लॅट असलेला वारसा कराला का घाबरतो? जाहीरनाम्यात तो कर नव्हता. आणि भारतात तो होऊन गेलाय. १९५३ ला चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आला, १९८५ ला विश्वनाथ प्रताप सिंहांनी काढून टाकला, कारण वसुली किरकोळ आणि कज्जे फार.

दादा: घाबरतो, कारण आज वरच्यांवर लावलेला कर उद्या खाली उतरतो, असा अनुभव आहे. आणि तू देशमुखांचं नाव काढलंस तर मी यशवंतरावांचं काढतो. १९७१ च्या अर्थसंकल्पात अधिभार वाढवून वरच्या टप्प्याचा आयकर ९७.७५ टक्क्यांवर नेला तो यशवंतराव चव्हाणांनी. शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे. काय झालं? सरकारनेच नेमलेल्या वांछू समितीने लिहून दिलं की एवढ्या दरामुळेच लोक कर चुकवतात, काळा पैसा वाढतो. १९७४ ला यशवंतरावांनीच तो ७७ वर आणला.

आत्या: हे तुझं मला मान्य आहे. एवढा कर लावणं चूकच होतं. माणसाला कमावण्यात राम वाटला पाहिजे. पण त्याच काळात महाराष्ट्राने दुसरा एक कर लावला, तो का नाही सांगत?

आणि आत्या तिच्या आवडीच्या विषयावर आली. हा भाग मी मुद्दाम सविस्तर देते, कारण पगारदार मराठी माणसाने कर आणि मत यांचा विचार करताना घरातलं हे उदाहरण विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आत्या: बहात्तरचा दुष्काळ मी लहानपणी पाहिला. गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर होती. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी कल्पना लावून धरली, की जो काम मागेल त्याला सरकारने काम दिलंच पाहिजे. पैसा कुठून आणायचा? तर १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या, डॉक्टर-वकिलाच्या खिशातून थोडे पैसे घ्यायचे आणि ते रोजगार हमीला द्यायचे. त्याशिवाय बागायती जमिनीवर, विक्रीकरावर बोजा टाकला आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपली घालायची. पुढे १९७७ चा हमी कायदा झाला, तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून लागू झाला. शहरातल्या पगारदाराने यावर बंड केलं? मोर्चे काढले?

दादा: रक्कम फुटकळ होती, आत्या. म्हणून कुणी बोललं नाही.

आत्या: फुटकळ होती, हे एक कारण. पण पैसा कुठे जातोय ते माहीत होतं, हे दुसरं. मुंबईच्या कारकुनाला कळत होतं की गावात काम मिळालं तर माणूस गाव सोडून आपल्या चाळीच्या जिन्याखाली झोपायला येणार नाही. आणि मी दुसऱ्या टोकाला होते. पाझर तलावाच्या कामावर मुकादम टेप धरून खड्डा मोजायचा. लांबी, रुंदी, खोली. त्यावरून मजुरी निघायची. मस्टरवर बायका अंगठा उमटवायच्या, निम्म्याहून जास्त तर बायकाच असायच्या कामावर. शाईची डबी मी सांभाळायचे. तो पैसा मुंबईच्या पगारातून कापून आलाय, हे मला ठाऊक होतं. म्हणून मस्टर खोटं भरलं की माझ्या जिवाला लागायचं.

दादा: आणि खोटी मस्टरं भरली जात नव्हती?

आत्या: जात होती की. पकडलीही जात होती. सगळी नाही पकडली.

दादा: मग? आणि पुढे २००५ ला केंद्राचा कायदा आला, मजुरीचा मोठा वाटा दिल्लीहून यायला लागला. व्यवसाय कर थांबला? आजही महाराष्ट्रात वर्षाला २,५०० कापतात. इथे तेलंगणात माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला पीटी म्हणून २०० रुपये जातात. ते कुठे जातात, सांगशील? वीस हजारांच्या वर पगार असलेल्या कारकुनाचेही दोनशे आणि चार लाख घेणाऱ्या माझेही दोनशे. तुझा तो हेतू कधीच पुसला गेला, वसुली तेवढी राहिली. माझा सगळा अविश्वास इथून येतो. लावताना कारण सांगतात, नंतर कारण जातं आणि कर राहतो.

माझ्या मते दादाच्या संपूर्ण युक्तिवादातला हा सर्वांत बळकट भाग आहे. त्याची तक्रार चार हजारांची नाही. पैसे देऊन झाल्यावर त्यांचा माग सुटतो, ही त्याची तक्रार आहे. चांगलं कमावणारा माणूस कंपनीत रुपया-रुपयाचा ताळेबंद बघतो, खर्चाच्या प्रत्येक ओळीला जाब विचारतो. सरकारच्या बाबतीत त्याला एकच ओळ दिसते, ती कपातीची. तीच त्याला खटकणार.

आमची आतेबहीण कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. तिच्याकडून ऐकलेली आणि नंतर मी वाचून पक्की केलेली एक हकीकत या वादात मी घातली. २०१२ मध्ये तिथल्या राज्यात शाळा-कॉलेजांचा पैसा आटला होता. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी श्रीमंतांचा आयकर वाढवण्याचा प्रस्ताव थेट मतदानाला टाकला. वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्या एकट्या माणसाला जादा कर, तोही सात वर्षांपुरता, आणि शाळांसाठी. सुमारे ५५ टक्के मतं बाजूने पडली. गलेलठ्ठ पगारांच्या सिलिकॉन व्हॅलीतही प्रस्ताव जिंकला. म्हणजे ज्यांचा कर वाढणार होता, त्यांच्यातल्याही अनेकांनी हो म्हटलं असावं.

दादा: सात वर्षं म्हणाले ना? २०१६ ला पुन्हा मतदान घेऊन तो २०३० पर्यंत लांबवला. झालंच ना माझं म्हणणं खरं?

आत्या: लांबवला, पण लोकांना विचारून. आपल्याला कुणी विचारलं का, व्यवसाय कर पुढे कशाला वापरायचा ते?

दादा: आणि २०२२ ची गोष्टही सोडू नका. त्याच कॅलिफोर्नियात वीस लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांवर पावणेदोन टक्के जादा कर लावायचा प्रस्ताव आला, विजेवरच्या गाड्यांसाठी. लोकांनी तो पाडला. तेही अशा राज्यात, की जिथे एवढं कमावणारे बोटावर मोजण्याइतके.

मी: प्रस्तावामागे टॅक्सी चालवणारी एक मोठी कंपनी पैसा लावत होती, आणि खुद्द गव्हर्नर न्यूसम विरोधात होते. हा पैसा कुणाच्या सोयीचा, असा संशय आला आणि प्रस्ताव पडला. दादा, हे तुझ्या बाजूचं उदाहरण नाही. दर किती, यापेक्षा पैसा कुणाकडे निघालाय, हे लोकांनी दोन्ही वेळा पाहिलं.

दादाने मान हलवली, पण हार मानली नाही. ब्रिटनची १९९२ ची निवडणूक त्याने पुढे केली. चाचण्यांत लोक मजूर पक्षाकडे झुकलेले दिसत होते. त्या पक्षाचे जॉन स्मिथ यांनी आधीच सांगून टाकलं होतं की वरचा आयकर ४० चा ५० टक्के करू. मतपेट्या उघडल्या तर जॉन मेजर निवडून आले. ‘माणूस विचारणाऱ्यासमोर उदार होतो आणि मतदानाच्या खोलीत स्वतःचा खिसा चाचपतो,’ असं दादाचं म्हणणं. असेलही. तिथेही कारणं एकाहून जास्त होती, पण प्रामाणिकपणे कर सांगितला म्हणून शिक्षा झाली, असा धडा अनेक पुढाऱ्यांनी त्यातून घेतला. तो धडा फार महाग पडला आहे. तेव्हापासून बरेच पुढारी कर वाढवायचा असेल तर निवडणुकीत सांगत नाहीत, आणि न सांगता वाढवला म्हणून लोकांचा विश्वास आणखी उडतो.

मग आत्याने अवघड प्रश्न काढला.

आत्या: तुझी इब्राहिमपट्टणम बाजूला तीन एकर जमीन आहे. कोण कसतं ती?

दादा: तिथलाच एक माणूस. ठाऊक आहे तुला.

आत्या: आणि राज्य सरकारच्या रयतू बंधू योजनेचे, शेतकऱ्यांसाठीचे पैसे कुणाच्या खात्यात येत होते?

दादा: …माझ्या. एकराला दर हंगामाला पाच हजार, वर्षाला दहा. पासबुक माझ्या नावावर, म्हणून आपोआप यायचे. मी अर्ज केला नव्हता.

आत्या: म्हणजे वर्षाला तीस हजार. कसणाऱ्याला एक पैसा नाही. सरकार फुकट वाटतं म्हणून तू करवाढीला विरोध करतोस, आणि वाटलेलं तुझ्याच खात्यात येत होतं. नको असलेल्यांनी सोडून द्यावं, अशी सोय होती. सोडलेस?

दादा: नाही सोडले. आणि चुकलं असेल, पण यातून काय निघतं ते बघ. महिन्याला लाखो कमावणाऱ्या माणसाला सरकार शेतकरी म्हणून पैसे देत होतं. कमाल जमिनीची अट नव्हती, उत्पन्नाची अट नव्हती. माझ्याकडून दहा लाख घ्यायचे आणि तीस हजार मलाच परत द्यायचे, आणि जो खरा राबतो तो कोरडा. असल्या सरकारला आणखी दोन टक्के देऊ?

आत्या: देऊ नकोस. आधी त्याला जाब विचार. तुझ्या मताचा उपयोग त्यासाठी. पण तू ‘कर नको’ एवढंच म्हणतोस. ‘मला हे तीस हजार नकोत, कुळाला द्या’ असं तुझ्या कॅन्टीनमध्ये कुणी एकाने तरी म्हटलं?

याला दादाकडे उत्तर नव्हतं. त्याने विषय २०२५ च्या अर्थसंकल्पाकडे नेला. १ फेब्रुवारीला बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, टप्पे बदलले, आणि दादाचा कर आधीच्या वर्षापेक्षा १ लाख १४ हजार ४०० रुपयांनी उतरला. चार दिवसांनी दिल्लीत मतदान होतं, तिथे भाजप ७० पैकी ४८ जागा घेऊन आला. दादाच्या मते हा मध्यमवर्गाच्या करकपातीमुळे मिळालेला विजय. आत्या म्हणाली, यमुनेचं पाणी आणि तुंबलेली गटारं मोजलीस का? दोघांनाही इथे पुरावा देता येणार नाही, म्हणून मी हा भाग वाढवत नाही.

आत्याचा शेवटचा प्रश्न मात्र मला घरोघर विचारावासा वाटतो.

आत्या: २०२० ला महापालिकेचं मतदान निम्म्याहून कमी. २०२३ च्या विधानसभेला राज्यात सत्तर टक्क्यांच्या वर मतदान, आणि हैदराबाद जिल्ह्यात पुन्हा निम्म्याहून कमी. गावातली म्हातारी काठी टेकत केंद्रावर जाते. तुमच्या गच्चीबावलीतल्या किती जणांनी त्या दिवसाची सुट्टी जोडून सहल काढली? कर मूठभर भरतात आणि ठरवतात बाकीचे, अशी तुझी तक्रार. अरे, ठरवायला तुम्ही जाताच कुठे?

दादा: मी जातो. प्रत्येक वेळी जातो.

हे खरं आहे. दादाने एकही मतदान चुकवलेलं नाही, आणि म्हणून त्याच्या विरोधाला मी मान देते.

माझा कौल द्यायचा तर तो असा. मोठ्या पगाराचा माणूस करवाढीला घाबरतो हे खरं, पण दोन टक्क्यांनी त्याचं मत फिरत नाही. त्याचं मत फिरतं ते दोन गोष्टींनी. शेजारचा कमावता माणूस कर भरत नाही हे रोज डोळ्यांनी दिसतं तेव्हा, आणि आपले पैसे नेमके कशावर गेले हे कुणी सांगत नाही तेव्हा. १९७५ च्या महाराष्ट्राने दुसऱ्या गोष्टीचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलं होतं. पुढच्यांनी ते जपलं नाही. व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची घटनात्मक मर्यादाही १९८८ पासून जशीच्या तशी आहे. ती वाढवून कमावत्या माणसाकडून जास्त घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं, पण कशासाठी आणि किती वर्षं, हे आधी सांगून.

दिलसुखनगर, चैतन्यपुरी, सरूरनगर, कोत्तपेटमधल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की घरपट्टी कमी करशील का, हे विचारू नका. मागच्या वर्षी आपल्या प्रभागातून किती घरपट्टी जमली आणि तलावाच्या नाल्यावर त्यातले किती खर्च झाले, हे दोन आकडे त्याच्याकडून कागदावर लिहून मागा. त्याने ते दिले नाहीत, तरी मतदानाला जा.